चिमीचे खाते

गेल्या वर्षी श्रावणात आमची आजी गेली. त्या वेळी माझ्या ताईची मुलगी चिमी सव्वादोन वर्षांची होती. ताई बाळंतपणासाठी शहापुरात आमच्याकडे आली ती भावोजींच्या बदलीच्या घोळामुळे पुढे जवळजवळ दीड वर्ष इथेच राहिली. नंतर धारवाडला बिऱ्हाड थाटल्यावरही महिन्यातून दोनदा तिची फेरी असे. त्यामुळे चिमीचे रांगणे, पहिले पाऊल, पहिले बोबडे शब्द हे सारे आजीच्या देखरेखीखाली झाले. तेराव्याच्या दिवशी मंडळी जेवून ओसरीवर बसली असताना आत्या म्हणाली, "एवढा लळा होता म्हातारीचा. ही पोर आजीला कधी विसरायची नाही बघा." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मी बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजी शोधनिबंध वाचायला मला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हेही कबूल करते. परंतु आत्याचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला स्वतःला सव्वादोन वर्षांचे असतानाचे काय आठवते, असे मी मनाशी विचारून पाहिले. काहीही नाही. मग ज्या वयातले मला काही आठवत नाही, त्या वयातले चिमीला कसे आठवणार? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या थोड्या वाचनाचा आणि घरातल्या थोड्या खटपटीचा हिशेब आहे.

मोठ्या माणसांना आयुष्यातील सर्वांत पहिली आठवण विचारली, तर ती सरासरीने तीन ते साडेतीन वर्षे वयातली निघते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्याआधीचे बहुतेक सारे पुसलेले असते. मराठीत याला शैशव-विस्मृती म्हणता येईल. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली याची चर्चा केली आणि त्याचे कारण दडपलेल्या वासनांमध्ये शोधले. ते कारण आज फारसे कोणी मानत नाही. विस्मृती मात्र खरी आहे.

मला नवल वाटले ते पुढच्या भागाचे. लहान मुलाला आठवतच नाही, असे मुळीच नाही. अडीच वर्षांचे मूल चार-सहा महिन्यांपूर्वीचा प्रसंग खुशाल सांगते. गळती लागते ती नंतर. अमेरिकेतील पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या संशोधिकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांनी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयी केलेल्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढे त्याच मुलांना निरनिराळ्या वयांत तेच प्रसंग विचारण्यात आले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. आम्हाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवतात, समान हप्त्याची आणि घटत्या शिलकेची. हा घसारा दोन्हींत बसत नाही. सातव्या वर्षापर्यंत मालमत्ता बऱ्यापैकी शाबूत दिसते आणि मग एकदम निम्म्यावर येते.

म्हणजे आत्याचे म्हणणे चूक नव्हते. ते फक्त त्या दिवसापुरते खरे होते. चिमीजवळ आजी होती. परंतु शाळेत तिसरी-चौथीत जाईपर्यंत ती आजी तिच्याजवळून आपोआप निघून जाण्याचा संभव फार होता, आणि तेव्हा "अगं, तुला आजी आठवत नाही?" असे म्हणून आम्हीच तिला हिणवणार होतो.

मग ज्या थोड्या आठवणी टिकतात, त्या कशाने टिकतात? न्यूझीलंडमधील डनेडिन येथे झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मुले दोन ते चार वर्षांची असताना त्यांच्या आया त्यांच्याशी गतगोष्टींविषयी कशा बोलतात, हे नोंदवून ठेवले होते. तीच मुले बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांना पहिली आठवण विचारली. ज्या आया गोष्ट फुलवत नेत, मुलाच्या एका शब्दाला आणखी दोन शब्द जोडत, त्यांच्या मुलांच्या पहिल्या आठवणी अधिक लहान वयातल्या निघाल्या. ज्या तोच तोच प्रश्न पुन्हा विचारत, त्यांच्या मुलांच्या उशिराच्या. त्याच देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी सरासरीने तीन वर्षांच्याही आधीच्या आढळल्या, युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा लवकरच्या. माओरी घरांत कुळाच्या आणि घराच्या गोष्टी मुलांसमोर सतत सांगितल्या जातात, त्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांना वाटते.

हे वाचून मी आमच्या घरी कान देऊन ऐकू लागले. आम्ही चिमीशी आजीविषयी बोलत होतोच. पण कसे? "चिमे, आजी कशी होती? चांगली होती की नाही? आजी काय देत होती? सांग ना! सांग!" ही तोंडी परीक्षाच झाली. चिमी बोट तोंडात घालून गप्प. मग कोणीतरी उत्तर सांगून टाकी आणि परीक्षा संपे. याउलट आजोबा. त्यांना असले कोणतेही संशोधन ठाऊक नाही. ते नुसते स्वतःशी बोलल्यासारखे सुरू करीत : "त्या दिवशी काय पाऊस! पत्र्यावर नुसता धडधड धडधड. आजी वाळवण उचलायला पळाली आणि तू..." आणि थांबत. चिमी बोट काढून म्हणे, "पलली!" "पडली? कोण, आजी?" "मी पलली!" "हां, तू पडलीस. आणि मग?" एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे. आजोबा प्रश्न विचारीत नव्हते, तिला गोष्टीत जागा करून देत होते.

आता संक्रांतीची हकीकत सांगते. ताई चिमीला घेऊन चार दिवसांसाठी आली होती. चिमी तेव्हा दोन वर्षे आठ महिन्यांची. आजीला जाऊन पाच महिने झाले होते. आई स्वयंपाकघरात तीळ भाजत होती, तो खमंग वास सगळीकडे पसरला होता. चिमी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजी खुळखुळ." कोणाला काही कळले नाही. आईला वाटले, खेळण्यातला खुळखुळा मागते आहे. तो दिला तर तिने फेकून दिला. "नाही! आजी खुळखुळ!" आणि फळीवर वरच्या बाजूला हात दाखवून रडू लागली.

आजोबांनी उलगडा केला. आजी भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे एका पत्र्याच्या डब्यात ठेवत असे. चिमीला दात आल्यावर दुपारी तो डबा वाजवून ती तिला बोलावी आणि शेंगदाणा चावून, बारीक करून तिच्या तोंडात घाली. ताईला हे आवडत नसे, म्हणून हा कारभार ताई झोपली की चाले. म्हणजे ही गोष्ट आजी, चिमी आणि दुपारी जागे असणारे आजोबा या तिघांनाच माहीत होती. आजोबांनी ती कोणाला सांगितली नव्हती. डबा आजीच्या कपाटात मागे सापडला, हिरव्या रंगाचा, झाकण पोचलेला.

या ठिकाणी एक प्रयोग सांगितला पाहिजे. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना एक गमतीचे यंत्र दाखवले. वरून खेळणे टाकायचे, दांडा फिरवायचा, की खालून तेच खेळणे लहान होऊन बाहेर येते! त्या दिवशी मुलाला कोणकोणते शब्द येत होते, याचीही नोंद केली. सहा महिने ते वर्षानंतर पुन्हा भेटून विचारले. मधल्या काळात मुलांचे शब्द कितीतरी वाढले होते. तरीही यंत्राविषयी सांगताना, जो शब्द त्या दिवशी येत नव्हता तो एकाही मुलाने वापरला नाही. आठवण जणू त्या दिवशीच्या शब्दांतच गोठून राहिली होती. नंतर शिकलेल्या भाषेत तिचे भाषांतर झाले नाही.

चिमीला संक्रांतीला 'डबा' हा शब्द चांगला येत होता. तरी ती डबा म्हणाली नाही. आजी जिवंत असताना तिला जो शब्द येत होता तोच म्हणाली. हा योगायोगही असू शकेल. एका मुलीच्या एका शब्दावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच शिकवतात. पण मला तेव्हापासून एक धास्ती बसली आहे : आम्ही मोठी माणसे मुलांचे बोबडे शब्द हसून दुरुस्त करून घेतो, आणि त्याबरोबर त्या शब्दात ठेवलेले काय काय हरवते ते आम्हाला कळतही नसेल.

घरात अर्थातच मोठा आनंद झाला. आत्याला फोन गेला. "मी म्हणत नव्हते?" असे ती चारदा म्हणाली. मला मात्र हिशेब तपासल्याशिवाय चैन पडेना. याचे कारण असे. धारवाडला ताईच्या शेजारी एक कानडी आजीबाई राहतात. चिमी त्यांना अज्जी म्हणते. दिवसाचे दोन-तीन तास ती त्यांच्याकडेच असते. मराठीत आजी, कन्नडमध्ये अज्जी. आणि बोबड्या तोंडी दोन्ही सारखेच ऐकू येतात. ज्या वाचकांनी खतावणी लिहिली आहे त्यांच्या लक्षात आले असेल. दोन खातेदारांची नावे जवळजवळ सारखी असली, की एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाते. तेरीज तरीही जुळते, म्हणून ती चूक लवकर सापडत नाही. हा खुळखुळ आमच्या आजीचा कशावरून? त्या अज्जींकडेही एखादा डबा वाजत असेल तर?

मी धारवाडला फोन लावला आणि माझ्या शाळेतल्या कन्नडमध्ये विचारले, "निम्म मन्याग शेंगा डब्बी ऐतेन्री अज्जी?" त्या जोरात हसल्या. "इल्ल व्वा, नमगेल्लि हल्ल अदाव!" त्यांच्या तोंडात दातच नाहीत, शेंगदाण्याचा डबा कोणासाठी ठेवणार? मग त्यांनीच मला चिमी आपल्याकडे काय काय करते ते अर्धा तास सांगितले. तेही मी लिहून घेतले. पुढे चिमीला या अज्जींचीही आठवण लागेल.

हा खटाटोप काहींना अतिरेकी वाटेल. पण आठवण खोटी असली तरी खऱ्यासारखीच दिसते, हे विसरून चालत नाही. बालमनाचे थोर अभ्यासक झाँ पियाजे यांना लहानपणाची एक आठवण स्पष्ट होती : आपण बाबागाडीत बसलो आहोत, एक माणूस आपल्याला पळवू पाहतो आहे, दाईने त्याच्याशी झुंज दिली आहे. ते पंधरा वर्षांचे झाले तेव्हा त्या दाईने पत्र लिहून कळवले, की ती सगळी हकीकत तिने रचलेली होती, आणि बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळही तिने परत केले. पियाजे यांनी ती गोष्ट लहानपणी घरात ऐकली होती, आणि ऐकलेल्याचे पाहिलेले झाले होते.

म्हणून मी एक वही घातली. तिची कल्पना मला अभ्यासाच्या पुस्तकातून मिळाली. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोली या संन्याशाने दुनोंदी पद्धतीचे वर्णन केले. त्यात व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. रोजकीर्द आणि खतावणी या दोन सर्वांना माहीत आहेत. त्यांच्याही आधीची पहिली वही म्हणजे मेमोरिआले, अर्थात आठवणवही. आपल्याकडे तिला कच्ची वही म्हणतील. व्यवहार घडला की तिथल्या तिथे, घरातला जो कोणी हजर असेल त्याने, मालकाने, नोकराने, लिहिता येत असेल तर बायकांनीही, ती लिहावी. आणि ज्या नाण्यात व्यवहार झाला त्याच नाण्यात लिहावा. एका चलनात रूपांतर करण्याचे काम पुढच्या वह्यांचे. परीक्षेसाठी हा उतारा वाचताना मी तो दोन ओळींत गुंडाळला होता. आता तो पुन्हा वाचला.

आमच्या वहीत चार रकाने आहेत : तारीख, बोलणारा, शब्द, आधार. शब्दांच्या रकान्यात चिमी जे बोलली ते तसेच लिहायचे, 'पलली' म्हणजे 'पलली'. आईने सुधारून 'पडली' लिहिले होते, ते मी खोडू दिले नाही, पण शेजारी मूळ शब्द लिहून घेतला. आधाराच्या रकान्यात त्या वेळी कोण हजर होते, वस्तू सापडली का, की नुसते ऐकीव आहे, हे लिहायचे. आजोबांची अक्षरे थरथरतात, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. ताई धारवाडहून मोबाइलवर बोलून पाठवते, ते मी उतरवते. अज्जींचे कन्नड मी कन्नड लिपीतच लिहिले आहे. वहीत निम्म्याहून अधिक मजकूर रटाळ आहे : चिमीने आज भात सांडला, चिमीला खोकला झाला. तो तसाच राहू दिला आहे. कोणती नोंद उपयोगी पडेल हे आज ठरवता येत नाही.

वही घातल्यावर आजोबांना एक गोष्ट आठवली. पणजोबांचे इथे शहापुरातच, खडेबाजारात, सुताचे दुकान होते. शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होते. त्यांची १९४६ सालची एक चोपडी माळ्यावर आहे. लाल कापडी बांधणीची, मोडीत लिहिलेली. घरात कोणालाच मोडी येत नाही. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही ती घेऊन गेलो. त्यांनी भिंग घेऊन दोन तास पाने चाळली. सूत, सूत, रंग, हमाली, व्याज. मग शेवटच्या पानांकडे पाळण्याच्या लाकडाचा आणि सुताराच्या मजुरीचा खर्च निघाला. आणि त्यानंतर एक ओळ अशी, की जिच्यापुढे रक्कमच नाही. शिक्षकांनी ती वाचली : आज चिरंजीव उंबरा ओलांडून दुकानात आले.

ते चिरंजीव म्हणजे आमचे आजोबा. ते ऐंशी वर्षांचे आहेत. ही ओळ ऐंशी वर्षे त्यांच्या डोक्यावरच्या माळ्यावर पडून होती. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, परत एकदा वाचता?"

पणजोबांनी ती ओळ कशासाठी लिहिली असेल, ते आता कोणाला विचारणार? एवढे मात्र दिसते, की त्यांनी त्यासाठी वेगळी वही घेतली नाही, वेगळा वेळ काढला नाही. समोर जी वही होती तीत लिहिले. आमच्या कॉलेजातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी अशा मोडी चोपड्या असतील. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. आपल्या कॉलेजातही सुट्टीत असा वर्ग निघाला तर मी पहिली नाव देईन.

आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला हेळवी आठवला. कन्नड विभागाच्या वाचकांना हेळवांविषयी मी सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : कुळांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या सांभाळणारा हा समाज आहे. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. पाय झाकून बैलावर बसून यायचे, दारात कुळाची नावे म्हणून दाखवायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे, अशी त्यांची रीत. माझे आजोळ चिकोडी तालुक्यात आहे. मी दहावीत असताना सुगीनंतर तिथे हेळवी आला होता, बैलावर नव्हे, दुचाकीवर. पिशवीतून वही काढून त्याने कन्नडमध्ये सात पिढ्या खडाखडा वाचल्या. मामांच्या लहान मुलाचे नाव त्याने तिथेच लिहून घेतले. आईने हौसेने विचारले, "आणि माझं?" तो म्हणाला, "अक्का, तुमचं नाव तुमच्या सासरच्या पानावर." सासरी तर हेळवी येतच नाही. मामांनी त्याला ज्वारी आणि पैसे दिले. त्याची स्मरणशक्ती पाहून मी थक्क झाले, हेही खरे. आणि आई त्या दिवशी जेवताना गप्प होती, हेही खरे. आमच्या वहीत आजीचे माहेरचे नाव पहिल्या पानावर आहे.

कोणी म्हणेल, आजच्या काळात वह्या कशाला? प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे आहेत. ताईच्या मोबाइलमध्ये चिमीची चार हजारांवर छायाचित्रे आहेत. मी एका रविवारी ती सगळी पाहिली. आजी साठेकांत आहे, आणि त्यातही बहुतेक ठिकाणी ती म्हणजे एक हात, एक मांडी, पदराचा काठ. कारण फोटो चिमीचा घ्यायचा होता. चेहरा नीट आला आहे तो अकरा ठिकाणी. आवाज दोनच चित्रफितींत आहे. एकीत ती म्हणते, "पुरे गं तो फोन, पोरीचे डोळे जातील." खुळखुळ कुठेच नाही. शिवाय छायाचित्र म्हणजे पक्का पुरावा, असेही समजू नये. २००२ साली किंबर्ली वेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस मोठ्या माणसांना त्यांचा लहानपणचा, फुग्याच्या विमानात बसल्याचा बनावट फोटो दाखवला. तसे कधीच घडले नव्हते. तरी दोन आठवड्यांत त्यांपैकी निम्म्या लोकांना थोडेफार 'आठवू' लागले. फोटो टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. ताईला मी एवढेच सांगितले, की महिन्यातून पाच निवड आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिही, फोटोत न आलेल्या गोष्टींच्या.

भाषेचा प्रश्न आमच्यासारख्यांना अधिक जवळचा आहे. व्हिओरिका मारियन आणि उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेत आलेल्या रशियन विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे २००० साली प्रसिद्ध झाले. रशियनमध्ये विचारले की रशियन बोलत असतानाच्या काळातल्या आठवणी जास्त येत. इंग्रजीत विचारले की इंग्रजीच्या काळातल्या. चिमी जूनपासून इंग्रजी बालवाडीत जाणार. खेळायला कन्नड आहेच. आजी तिच्याशी फक्त मराठीत बोलली, तीही आमच्या बेळगावकडच्या मराठीत, जिला पुण्याची माणसे हसतात. म्हणून मी ताईला विनंती केली आहे, की इतर वेळी काहीही बोला, पण आजीविषयी चिमीशी बोलताना आजीच्याच बोलीत बोला, 'काय करायलीस गं' असेच. भावोजी म्हणाले, "तुमचं खूळच आहे." पण फोनवर मी परवा ऐकले, ते स्वतःच चिमीला तसे म्हणत होते.

मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्यांत चार्ल्स डार्विन यांचे नाव घ्यायला हवे. त्यांचा पहिला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला, तेव्हापासून त्यांनी त्याच्या हालचालींची टिपणे ठेवली. ती सदतीस वर्षांनी, १८७७ साली, एका नियतकालिकात छापली. ते शास्त्र म्हणून प्रसिद्ध आहे. पण १८५१ च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी आजारपणात गेली, त्यानंतर आठवड्याभरातच त्यांनी तिच्याविषयी काही पाने लिहिली. पुढे वाचताना तिचा स्वभाव डोळ्यांपुढे यावा म्हणून. ती छापण्यासाठी नव्हती. तिथे मूल गेले आणि बापाने लिहिले. आमच्याकडे म्हातारी गेली, आणि लिहायचे आहे ते मुलाच्या वतीने, मूल स्वतः लिहू लागेपर्यंत.

या हिशेबात एक अडचण अजून सुटलेली नाही. फेब्रुवारीत फोनवर चिमीने आपणहून डब्याची गोष्ट काढली. आता ती 'डबा' म्हणते, आणि डबा लाल होता म्हणते. आई लगेच म्हणाली, "लाल नाही गं, हिरवा." चिमी अडून बसली. लालच! दुरुस्त करावे की नाही? हिरवा म्हणून पढवले तर ती आमची आठवण होईल, तिची राहणार नाही. लाल राहू दिला तर पियाजेंच्या दाईची गोष्ट आहेच. हिशेबनिसाला खोडाखोडीची मुभा नसते. चूक दिसली तर मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करायची असते. मी वहीत तिची लाल डब्याची नोंद तारखेसह ठेवली आहे, आणि खाली आजोबांच्या नावे हिरव्याची.

मे महिन्यात चिमीला तीन वर्षे पूर्ण होतील, तेव्हा ताई महिनाभर राहायला येणार आहे. हिरवा डबा पूर्वीच्याच जागी, फळीवर वरच्या बाजूला ठेवला आहे. आत शेंगदाणे आणि गूळ आहे. तो आपण होऊन कोणी वाजवायचा नाही, असे मी घरात सर्वांना बजावले आहे. आजोबांनी मान हलवली आहे, पण त्यांचा भरवसा नाही.